रात्रीचा दवाखाना बंद करू नका : मिशन रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,

सप्रेम सलाम.

आपल्या सहीशिक्क्याची नोटीस ओपीडीच्या खिडकीशेजारी लागली आहे. येत्या १ तारखेपासून रात्री आठ ते सकाळी आठ आकस्मिक विभाग आणि प्रसूती विभाग बंद राहतील, आलेल्या रुग्णाला ‘योग्य ठिकाणी पाठवण्यात यावे’, असं तीत म्हटलं आहे. एएनएमच्या (सहायक परिचारिका-प्रसाविका) वर्गाला यंदा प्रवेश दिले जाणार नाहीत. आणि शेवटच्या ओळीत, रस्त्यालगतची मोकळी जागा भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे. तिन्हींना कारण एकच दिलं आहे : वाढता तोटा.

याबद्दल मी आपल्या कार्यालयाला आधी लिहिलं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. पाड्यांवरच्या लोकांनी सरपंचांच्या सहीने निवेदन दिलं, तेही तसंच पडून आहे. निर्णय लागू व्हायला फार दिवस उरले नाहीत, म्हणून आता सगळ्यांदेखत लिहिते आहे.

मी या रुग्णालयातली निवृत्त परिचारिका. मिरजेला शिकले, लग्न होऊन सातपुड्याच्या पायथ्याशी आले आणि नोकरीचा बहुतेक काळ इथल्या लेबर रूममध्ये काढला. माझी दोन्ही मुलं याच लेबर रूममध्ये जन्मली. आता कंपाउंडच्या मागच्या गल्लीत राहते, आणि रात्री गाडीचा हॉर्न वाजला की अजूनही उठून बसते. रुग्णालयाचं नाव मी इथं लिहीत नाही. आपल्याला ते ठाऊक आहे. बाकीच्यांना ते कळलं, तर आत काम करणाऱ्या मुलींवर ‘तुम्हीच बाहेर सांगितलं’ असा ठपका येईल. तो मला त्यांच्यावर येऊ द्यायचा नाही. पत्रातला शब्द न् शब्द माझा आहे, जबाबदारी माझी आहे.

आपल्यापैकी बरेच जण मुंबई-पुण्याला असता, वर्षातून एकदा वार्षिक दिनाला येता. त्या दिवशी फरशी धुतलेली असते, पडदे नवे असतात. इतर दिवशी इथं कोण येतं ते आधी सांगते. वरच्या पाड्यांवरून पावरा, बारेला, भिल्ल येतात. गावांतून तडवी, कोळी, मराठा, लेवा पाटील येतात. केळीच्या बागांत मजुरीला आलेली मध्य प्रदेशातली कुटुंबं येतात. सकाळी साडेसातला घंटा होते, स्टाफची प्रार्थना होते, गीत होतं, आणि तोवर व्हरांडा भरलेला असतो. बाजाराच्या दिवशी केसपेपरची रांग फाटकाबाहेर जाते, कारण त्या दिवशी जीपगाड्या वरून खाली येतात आणि लोक बाजार आणि दवाखाना एकाच फेरीत उरकतात. नातेवाइकांच्या शेडमध्ये तीन दगडांच्या चुली पेटलेल्या असतात. भाकरीचं पीठ, उडदाची डाळ, मिरच्या, सगळं घरून बांधून आणलेलं असतं. हॉटेलात खायला पैसे नसतात. शेडचं छप्पर तीन पावसाळ्यांपासून गळतं आहे. बाळंतिणीची सासू ओल्या जमिनीवर गोणपाट टाकून झोपते. हे मी तक्रार म्हणूनच लिहिते आहे, पण आजची माझी मुख्य तक्रार रात्रीची आहे.

रात्री कोण येतं हे नोटिशीवर सही करण्याआधी आपण कुणाला विचारलं का? लेबर रूमचं रजिस्टर आपण मागवलं का? त्यात प्रत्येक बाळंतपणाची वेळ लिहिलेली असते. कळा घड्याळ बघून येत नाहीत. वरच्या पाड्यावर दुपारी कळा सुरू झाल्या, तर आधी घरी वाट पाहतात, मग सुईण बघते, मग आशाताईला निरोप जातो, मग झोळीचा बांबू शोधतात. डांबरी रस्त्यापर्यंत झोळीतून, तिथून मिळेल त्या गाडीने. फाटकाशी येईपर्यंत रात्रच झालेली असते. पावसाळ्यात नाल्याला पाणी असेल तर पहाट. आठनंतर दार बंद करणं म्हणजे नेमक्या याच बाईसमोर दार बंद करणं. सकाळी अकराला येणाऱ्या रुग्णाकडे दुसरा दवाखाना गाठायला वेळ असतो, वाहन असतं. तिच्याकडे काहीच नसतं.

एका रात्रीचं सांगते. श्रावण होता, वीज गेलेली. केळीच्या टेम्पोतून एक पावरा बाई आणली. बाळ वाटेत टेम्पोतच झालेलं, वार अडकलेली, लुगडं रक्ताने जड झालेलं. नाडी हाताला लागत नव्हती. आया मावशीने टॉर्च धरला. दोन्ही हातांना सलाईन लावलं, गर्भपिशवी आकसून रक्त थांबावं म्हणून फ्रीजमधलं ऑक्सिटोसिन दिलं. हे औषध थंडच ठेवावं लागतं, म्हणून रुग्णालयात दुसरं काही चालो न चालो, त्या फ्रीजसाठी जनरेटर चालवायचाच, असा आमचा नियम होता. डॉक्टर क्वार्टरमधून पावसात धावत आल्या आणि त्यांनी वार हाताने काढली. तरी रक्त थांबेना. मग त्यांनी एक हात आत, एक हात पोटावर, अशी गर्भपिशवी दाबून धरली. हात भरून आले की मी धरायची, माझे भरून आले की त्या. सैल पडलेली पिशवी हाताखाली हळूहळू घट्ट होत जाते तेव्हा कळतं की बाई आता राहील. रक्ताची पिशवी जळगावहून दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आली. ती बाई राहिली. बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव थांबवला नाही तर बाई दोन तासांतही जाऊ शकते, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. त्या रात्री फाटकावर ‘योग्य ठिकाणी जा’ असं सांगितलं असतं, तर त्या दोन तासांत टेम्पो कुठवर पोचला असता? नकाशा आपल्याकडेही आहे. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याची पावसाळ्यातली अवस्थाही आपण पाहिली आहे.

आता सापाचं. आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यत्वे चार सापांमुळे : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. यातला मण्यार निशाचर. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो अंथरुणात चावतो. दुखत नाही, सुजत नाही, खूणसुद्धा धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून माणूस उठतो, बोलता बोलता पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, आणि मग श्वास. केळीच्या बागेत झोपडी टाकून राहणाऱ्या मजुराच्या घरात खाट नसते. त्याच्यासाठी सापाचं इंजेक्शन आणि हाताने श्वास देणारी ॲम्बू बॅग दाबायला बसलेलं एक माणूस, एवढंच हवं असतं. पण ते रात्रीच हवं असतं.

घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त साकळत नाही. ते ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. काचेची कोरडी, साबण न लागलेली नळी घ्यायची, शिरेतलं दोन मिली रक्त तीत घालायचं, नळी वीस मिनिटं हलवायची नाही, मग अलगद कलती करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं की डॉक्टरांना उठवायचं आणि इंजेक्शनं काढायची. एएनएमच्या पोरी हे आठवडाभरात शिकतात. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजारांच्या आसपास माणसं मरतात असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे म्हणून केंद्र सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा काढला. सरकार खेड्यातल्या दवाखान्यांना हे शिकवायला निघालं आहे, आणि ज्या दवाखान्याला हे कितीतरी वर्षांपासून येतं तो आपण रात्री कुलूप लावून ठेवणार.

गेल्या वर्षी रात्रीचा डॉक्टर नव्हता अशा काही रात्री गेल्या. त्यातल्या एका रात्री पापण्या मिटत चाललेला एक तरुण मजूर फाटकावर आला आणि पुढे पाठवला गेला. तो पुढे पोचला नाही. घरच्यांना न विचारता याहून जास्त लिहिणं मला योग्य वाटत नाही. आपण चौकशी केलीत तर आकस्मिक विभागाच्या वहीत ती नोंद सापडेल.

‘योग्य ठिकाणी पाठवण्यात यावे’ हे कायद्याच्या दृष्टीनेही इतकं सोपं नाही. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार देणं प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. कंपाउंडमध्ये डॉक्टर राहतात, खाटा आहेत, ऑक्सिजन आहे, औषधं आहेत. अशा जागी रात्री आलेल्या माणसाला वॉचमनने परत पाठवायचं, ही आपली सूचना आहे. वॉचमन सातवी शिकलेला आहे. हे ओझं आपण त्याच्यावर टाकू नये.

मी तोटा नाकारत नाही. पगार दोन-दोन महिने थकतात, त्याचा चटका आम्हीच सोसला आहे. परदेशातून येणारी मदत आटली, हेही खरं. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, खातं दिल्लीच्या स्टेट बँकेत उघडावं लागलं. लहान रुग्णालयांचे यात हाल झाले. त्यासाठी मी आपल्याला दोष देत नाही. पण जे आपल्या हातात होतं त्याचं काय झालं?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं घ्या. योजनेचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं. आमचं रुग्णालय योजनेत आहे, आरोग्यमित्राचं टेबलही आहे. पण कागद भरणारा कारकून सोडून गेल्यावर ती जागा आपण भरलीच नाही. ऑपरेशन होतं, रुग्ण बरा होऊन घरी जातो, आणि फोटो नाही, रिपोर्ट जोडला नाही, मुदत गेली अशा कारणांनी दावा परत येतो. डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्टांचे गठ्ठे रेकॉर्ड रूममध्ये मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. एका कारकुनाच्या पगारात हा पैसा आला असता. तो आला नाही, आणि तोटा मात्र प्रसूती विभागाच्या नावावर लिहिला गेला.

डॉक्टरांचं त्याहून वाईट. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) आणि मिशन संस्थांच्या शिफारशीवर शिकायला जाणारी मुलं पदवीनंतर दोन वर्षं मिशन रुग्णालयात काम करण्याची हमी देतात. इथल्या चांगल्या डॉक्टरांपैकी निम्मे तरी या वाटेने आले. काही जण दोन वर्षांसाठी आले आणि दहा-बारा वर्षं राहिले. ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा आल्यावर प्रवेशाची पद्धत बदलली, कोर्टकचेऱ्या झाल्या, हे मला माहीत आहे. पण आपल्या मंडळाने अलीकडे एकाही मुलीची वा मुलाची शिफारस केलेली नाही. आमच्याच स्टाफच्या मुलांनी अर्ज कुणाकडे द्यायचा म्हणून विचारलं, त्यांना उत्तर मिळालं नाही. आणि ‘खेड्यात डॉक्टर मिळत नाहीत’ हे वाक्य वार्षिक अहवालात दर वर्षी छापून येतं.

वेल्लूरची गोष्ट तर आपणच आम्हाला सांगत आलात. तमिळनाडूतल्या तिंडिवनमला एका रात्री तीन घरांतून तीन माणसं आली. प्रत्येकाची बायको अडलेली. पुरुष डॉक्टर चालणार नव्हता, आणि पुढे वेल्लूरचं रुग्णालय उभारणाऱ्या आयडा स्कडर तेव्हा डॉक्टर नव्हत्या. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. त्यानंतर त्या अमेरिकेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या आणि १९०० साली वेल्लूरला एका खाटेवर काम सुरू केलं. दर वार्षिक दिनाला व्यासपीठावरून ही गोष्ट सांगितली जाते. आम्ही ती मनापासून ऐकली आणि मनापासून मानली. ती रात्रीची गोष्ट आहे आणि बाळंतपणाची आहे, एवढं आपण सही करताना आठवायला हवं होतं.

रक्ताबद्दल मी किती वेळा बोलले असेन. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या पट्ट्यात आहे, बाळंतिणींमध्ये रक्त कमी असणं तर नेहमीचं. रक्तपेढी उभारणं आपल्याला परवडणार नाही, मान्य. पण रक्त साठवणूक केंद्राला रक्तपेढीचा पूर्ण परवाना लागत नाही, ही सवलत २००१ पासून आहे. मोठ्या रक्तपेढीशी करार, एक खास फ्रीज, प्रशिक्षित तंत्रज्ञ, अन्न व औषध प्रशासनाची मान्यता, एवढ्यावर काम होतं. आमच्या लॅबच्या तंत्रज्ञाने प्रस्ताव तयार केला होता. तो आपल्या बैठकीत ‘पुढील सभेत’ म्हणून ठेवला गेला आणि तिथंच राहिला. परिणाम असा की बाळंतिणीचा भाऊ रात्री नमुना खिशात घालून मोटरसायकलने जिल्ह्याला जातो, रांगेत थांबतो, बर्फाच्या डब्यात पिशवी घेऊन परत येतो. सिझेरियन करायला सर्जन कचरतो तो याच कारणाने. सिझेरियन पुढे पाठवावं लागतं, म्हणून खाटा रिकाम्या राहतात, आणि खाटा रिकाम्या म्हणून विभाग बंद.

सिस्टर मुलींबद्दल. रात्रपाळीला एका मुलीकडे स्त्री वॉर्ड, लेबर रूम आणि आकस्मिक विभाग, असं मी निवृत्त होण्याच्या आधीपासून चालू आहे. ती झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम देत असते, दर थोड्या वेळाने तिचा श्वास आणि गुडघ्याची उडी तपासायची असते, आणि त्याच वेळी वॉर्डातून सलाईन संपल्याची हाक येते. तिच्या क्वार्टरच्या नळाला दिवसाआड पाणी आहे. बाथरूमचं दार मोडलेलं आहे. पगार सरकारी कंत्राटी नोकरीपेक्षा कमी, तोही वेळेवर नाही. मुली सोडून जातात तेव्हा ‘सेवाभाव उरला नाही’ असं आपल्यापैकी एकांनी सभेत म्हटलं. मला ते फार लागलं. या मुली कोविडच्या पहिल्या दोन्ही लाटांत एक दिवस घरी बसल्या नाहीत. त्यांची तेव्हाची जादा पाळ्यांची भरपाई अजून बाकी आहे.

आणि त्यांना तयार करणारा वर्ग आपण बंद करता आहात. एएनएमचा हा वर्ग म्हणजे पाड्यावरच्या बारावी झालेल्या मुलीला घरापासून जवळ, परवडेल अशा फीत मिळणारं शिक्षण. इथं शिकलेल्या मुली आज आसपासच्या उपकेंद्रांत लस टोचतात, बाळंतपणं करतात, पावरी बोलतात. रुग्ण ‘पोटात आग होते’ म्हणतो तेव्हा त्याला नेमकं काय होतंय हे त्यांना कळतं. बाहेरून आलेल्या डॉक्टरांना आमच्या दुभाष्या त्याच होत्या. वर्ग बंद झाला तर पाच वर्षांनी रुग्णालयाला नर्सही मिळणार नाही आणि पाड्याशी बोलणारं माणूसही मिळणार नाही.

जागेबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट लिहिते. ही जमीन मिशनला दवाखान्यासाठी मिळाली. आपण तिचे मालक नाही, विश्वस्त आहात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे बिगरशेती जागा वा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, आणि ती न्यासाच्या हितासाठी असावी लागते. तालुक्यात मंगल कार्यालयाची चर्चा आहे, पेट्रोल पंपाची चर्चा आहे. खरं काय ते आपणच सांगा. मोजणीची माणसं येऊन गेली, तेव्हा आम्हाला वॉचमनकडून कळलं.

याच कायद्याच्या कलम ४१ कक खाली धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात, आणि निर्धन रुग्ण निधीचं वेगळं खातं ठेवायचं असतं. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांना हा नियम लागू होईल. मोफत उपचार इथं नेहमीच झाले, त्याबद्दल मला अभिमान आहे. पण त्या खात्यात किती जमा आणि किती खर्च, हे फलकावर लागलेलं मी पाहिलेलं नाही.

तोट्याचे आकडे आपल्याकडे आहेत, आमच्याकडे नाहीत. म्हणून माझी पहिली मागणी हिशेबाची आहे. गेल्या पाच वर्षांचा जमाखर्च, विभागवार, मराठीत, ओपीडीच्या भिंतीवर लावा. योजनेचे परत आलेले आणि न भरलेले दावे किती, तेही त्यात असू द्या.

रात्र बंद करण्याचा निर्णय मागे घ्या. पूर्ण मनुष्यबळ आज नसेल तर निदान एक डॉक्टर हजर वा बोलावल्यावर पंधरा मिनिटांत येईल असा, दोन सिस्टर, एक आया, एक गाडी आणि तिचा चालक, एवढं रात्रभर ठेवा. सापाच्या इंजेक्शनांचा, ऑक्सिटोसिनचा आणि मॅग्नेशियमचा साठा रोज रात्रपाळीच्या वहीत लिहिला जावा. या गाडीसाठी आम्ही निवृत्त लोक आणि आसपासचे काही शेतकरी दरमहा डिझेलचा खर्च उचलायला तयार आहोत, तसं लेखी देतो. सुट्टीच्या पाळ्या भरायला आम्हा चार-पाच जुन्या सिस्टरांची तयारी आहे.

दाव्यांचं काम करणारा कारकून याच महिन्यात नेमा. रक्त साठवणूक केंद्राचा तयार प्रस्ताव पुढच्या सभेची वाट न पाहता मंजूर करून पाठवा. एएनएमचे प्रवेश सुरू ठेवा. मान्यतेसाठी कुठल्या अटी अपुऱ्या असतील तर त्या आम्हाला दाखवा, दुरुस्तीसाठी आम्ही वर्गणी काढू. वेल्लूर, लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांसाठी शिफारशीचे अर्ज कसे आणि कधी मागवणार ते आसपासच्या सगळ्या मंडळ्यांत जाहीर करा. स्टाफचा थकीत पगार आणि कोविडची भरपाई द्या, क्वार्टरला पाणी द्या, आणि पावसाच्या आत नातेवाइकांच्या शेडवर पत्रे टाका.

जागेचा प्रस्ताव थांबवा. त्याचा मसुदा झाला असेल तर तो आधी लोकांसमोर ठेवा. आणि विश्वस्त मंडळात या भागातली माणसं घ्या : एक पाड्यावरची बाई, एक आशाताई, एक काम करणारी परिचारिका. त्या ख्रिस्ती असाव्यात असा न्यासाच्या घटनेतला नियम असेल तर सल्लागार समिती करा, पण तिचं मत इतिवृत्तात नोंदवा.

आपल्याबद्दल माझ्या मनात अढी नाही. आपल्यातल्या दोघांच्या आईवडिलांसोबत मी याच वॉर्डात काम केलं आहे. त्यांनी काय खाऊन, कसल्या क्वार्टरमध्ये दिवस काढले ते मी पाहिलं आहे. आपणही हे रुग्णालय बुडावं म्हणून सही केली नसणार. आपल्यापर्यंत रात्रीची माहिती पोचली नाही, असं मी धरून चालते. ती आता या पत्राने पोचली आहे. नोटीस लागल्यापासून बायका मला बाजारात अडवून विचारतात, “रातले कोठे जावानं, बाई?” मी आपल्या वतीने त्यांना उत्तर देऊ शकत नाही.

१ तारखेच्या आधी आपण इथं या. बैठक जिल्ह्याच्या हॉटेलात नको, ओपीडीच्या व्हरांड्यात घ्या, आणि बाजाराच्या दिवशी घ्या, म्हणजे वरच्या पाड्यांवरची माणसं त्याच जीपने येऊन त्याच जीपने परत जाऊ शकतील. पावरी बोलणाऱ्या दोन सिस्टर दुभाष्याचं काम करतील, त्यांच्याशी मी बोलून ठेवलं आहे. आपला होकार आला की पाड्यांवर निरोप धाडायला आशाताईंना चार दिवस लागतील, तेवढ्या आधी तारीख कळवा.

आपली,
प्रसूती विभागातील एक निवृत्त परिचारिका